वैशाखात पाहिलेलं गाव

परवा कारंज्याच्या एका शेठजींनी आपले पाहुणे माझ्याकडं पाठवले. पाहुणे मुंबईचे. लढाई चालू आहे, आज ना उद्या बॉम्ब पडणार म्हणून बायकापोरं घेऊन इकडं वऱ्हाडात आलेले. आता त्यांना एखाद्या खेड्यात घर बांधायचं आहे, थोडी शेती घ्यायची आहे, दोन गाई पाळायच्या आहेत. "मास्तर, तुम्ही या भागातल्या शाळा फिरलात. असं गाव सांगा, की रेल्वे बंद पडली, बाजार उठला, तरी आपलं आपण जगता येईल." एवढं बोलून ते पेन्सिल सरसावून बसले.

मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही हो. ज्याला कळत होतं तो माणूस गेला. आणि त्याला तरी कळत होतं असं कसं म्हणू?" त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. म्हातारा खवट आहे, असं म्हणाले असतील मनात. आहेच मी खवट. पण त्या दिवसापासून माझे जुने घरमालक डोळ्यांसमोरून हलत नाहीत, त्याला काय करू?

नवीन नोकरी लागली तेव्हा कारंज्यात त्यांच्या घरात मी खोली घेतली होती. सगळी आळी त्यांना 'भाऊ' म्हणायची, मीही भाऊच म्हणायला लागलो. उंच, काटकुळा माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पागोटं, काखेत छत्री. ही छत्री त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नाही. ऊन असलं तर म्हणत, "उन्हाची सवय सुटते." पाऊस असला तर म्हणत, "छत्री भिजते." खांद्यावर एक पितळी लोटा आणि त्याला बांधलेला लांबच लांब दोर. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या.

त्या लोट्यादोरासकट भाऊ गावं बघत हिंडायचे. लोक देव बघायला जातात, जत्रा बघायला जातात. हे गाव बघायला जात. आणि तेही भर वैशाखात, जेव्हा शहाणा माणूस ओसरीच्या बाहेर पाय काढत नाही. मी एकदा विचारलं, दिवाळीत का जात नाही? थंडी असते, हुरडा मिळतो.

"सुकाळात कोनतंही गाव गोड लागते, मास्तर," ते म्हणाले. "गाव पाहाव वैसाखात अन् मानूस पाहाव उपासात."

गावात शिरले की आधी विहीर. लोटा सोडायचा, किती गाठी आत गेल्या ते बघायचं, पाणी काढून प्यायचं, तोंडात घोळवायचं. मग उकिरडा. लोक काय फेकतात त्यावरून त्यांच्याकडं काय उरतं ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग कुत्री. कुत्रं रोडकं असेल तर त्या गावातल्या पाटलानं कितीही गप्पा मारल्या तरी भाऊ विश्वास ठेवत नसत. लोहार आहे का, कुंभार आहे का, तेलाचा घाणा आहे का, सुईण म्हातारी आहे की तिनं हाताखाली कोणी तयार केली आहे? दोरासाठी अंबाडी पेरतात की दोरही बाजारातून आणतात? आणि शेवटी कोणत्या तरी अनोळखी घराच्या दारात उभं राहून इस्तो मागायचा. विस्तवाला आमच्याकडं इस्तो म्हणतात. बाईनं चुलीतला निखारा दिला तर ठीक. तिनं आगपेटी पुढं केली की भाऊंचा चेहरा पडायचा.

"कांडीपेटी कारखान्यात होते, मास्तर. कारखाना बंद पडला तं हे गाव भाकर कशी भाजन?"

कोणी म्हणे याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. कोणी म्हणे सरकारचा गुप्त माणूस आहे. एका गावात तर त्यांना चोर समजून चावडीत बसवून ठेवलं होतं. भाऊ खूश होऊन परत आले. म्हणाले, "पहारा चांगला हाय त्या गावचा."

त्यांच्या घरात राहणं म्हणजे तारेवरची कसरत. मी राहायला गेलो त्याच महिन्यात एका पहाटे अंगणात थाळी वाजायला लागली. मला वाटलं आग लागली. धोतर सावरत बाहेर आलो, तर भाऊ थाळी बडवत ओरडताहेत, "बंद! आज बाजार बंद!"

बाजार मुळीच बंद नव्हता. समोरच्या जैन दुकानदारानं नेहमीसारखी दुकानाची फळी काढली होती. पण आमच्या घरापुरता तो बंद. मनात येईल तेव्हा महिन्यातून एक दिवस भाऊ असा बंद पुकारायचे. त्या दिवशी घरातल्या कोणीही, भाडेकरूंनीसुद्धा, दुकानाची पायरी चढायची नाही. घरात आहे त्यावर भागवायचं. आगपेटी नाही, घासलेट नाही, पानसुपारी नाही. दुष्काळ पडला, साथ आली, लढाई लागली तर हात-पाय गळू नयेत म्हणून ही तालीम.

दुकानदार गमत्या होता. तो तिकडून विचारी, "काय भाऊ, आज बंद हाय तं मी जेवाले येऊ काय?"

"या न! पन येताना मीठ घेऊन या."

हे मात्र खरं. भाऊंच्या घरात राखेत घोळवलेलं बियाणं होतं, मोहाची फुलं होती, चिंच, जवस, वाळवणं, करडईचं तेल, सगळं होतं. आणि मीठ आलं की ते हळवे व्हायचे. "समदं पिकते, मास्तर. मीठ पिकत नाही. मिठासाठी मानसाले मानसाकडंच जा लागते." कुठल्याही गावाला निघाले की मिठाची एक पुडी बरोबर असायची. ज्या घरानं इस्तो दिला त्या घरात ती ठेवून यायचे.

तर त्या पहिल्या बंदच्या दिवशी माझी पंचाईत झाली ती बिडीची. बिडी होती, आगपेटी जप्त. शेवटी जीव मुठीत धरून मालकांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आत चुलीपुढं त्यांची मुलगी बसली होती. मथुरा. तिनं चिमट्यात निखारा धरला आणि माझ्याकडं न बघता पुढं केला.

"घ्या. पन बाबानं पाह्यलं तं पुढच्या बंदले बिडीही बंद करतीन," ती म्हणाली आणि हसली.

मला ती त्या दिवसापासून आवडली. आता या वयात सांगायला लाज कसली? पुढच्या बंदची मी वाटच बघायला लागलो. बाकीचे भाडेकरू थाळी वाजली की कपाळाला हात लावायचे आणि मी उशाशी बिडी घेऊन तयार.

मथुरेची आई ती लहान असतानाच गेली होती. बापलेक दोघंच. सोळावं उलटून गेलं होतं तरी तिचं लग्न ठरत नव्हतं, आणि त्या काळात ही केवढी गोष्ट होती हे आजच्या पोरींना कळायचं नाही. आळीतल्या बाया तिच्या तोंडावर बोलायच्या. स्थळं येत नव्हती असं नाही, चांगली येत होती. भाऊंनी पुष्कळशी गावं हिंडली ती याचसाठी. लोक मुलगा बघतात, घर बघतात, शेती बघतात. भाऊ गाव बघायचे. न सांगता, न कळवता जायचे, कारण सांगून गेलं की गाव अंगणं सारवून बसतं, असं त्यांचं मत.

एका मोठ्या घरचं स्थळ आलं होतं. भाऊ जाऊन आले आणि नाही म्हणाले. दुकानदार न राहवून म्हणाला, "भाऊ, तुमी पोरगी पोराले देऊन राह्यले का गावाले?"

"गावाले. पोरगा आज हाय, उद्या नाही. गाव कुठी जाते?"

नकार दिला की कारण मात्र सांगायचे नाहीत. कितीही खोदून विचारा, नाही. "गावाचं न्यून चव्हाट्यावर मांडू नये," म्हणायचे. "तिथंही कोनाच्या लेकी हायेत." हा त्यांचा मोठेपणा होता. मला त्या मोठेपणाचा आजही राग येतो.

हे गाव बघण्याचं वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. त्यांची थोरली बहीण, तिला ते बाई म्हणत, भरल्या गावात दिली होती. काळी कसदार जमीन, लोक म्हणायचे सोन्यासारखं गाव. संवत छप्पनचा दुष्काळ आला आणि त्या सोन्याच्या गावातल्या विहिरी आटल्या. भाऊ तेव्हा तरणे होते. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन बहिणीला आणायला पायी निघाले.

"गेलो तं गाव उठून गेल्तं, मास्तर. दारं उघडी. कुत्रंही नाही. मी घरोघर हाका मारल्या. आमच्या बाईच्या घरात बाज होती. बाजेवर बाई होती. बाळंतपनातून उठली नव्हती, तं चालनार कशी? उशाले पान्याचं गाडगं ठेवून समदे गेले. गाडगंही कोरडं होतं."

थोड्या वेळानं ते उठले आणि उगाचच अंगणातल्या गोवऱ्या मोजायला लागले. तेव्हापासून मी त्यांच्या लोट्याला आणि दोराला हसायचं सोडलं.

मग माझ्या आईनं मध्यस्थाकरवी मथुरेसाठी शब्द टाकला. जात एक, कूळ वेगळं, नोकरी सरकारी. अडायचं काही कारण नव्हतं. माझं गाव शेलूबाजारच्या बाजूला, तीन-चार कोस आत. पाणी चांगलं, माती बरी, घाणा होता, सुईण होती. मी मनातल्या मनात भाऊंच्या सगळ्या परीक्षा घेऊन बघितल्या, गाव पास होत होतं. भाऊ एवढंच म्हणाले, "पाहू."

दोन-तीन दिवस ते घरात दिसले नाहीत. मथुरा म्हणाली, बाबा गाव पाहाले गेले. कोणत्या गावाला ते तिनं सांगितलं नाही, पण स्वयंपाकघरात ती गुणगुणत होती, एवढं मला खोलीत ऐकू येत होतं.

ते परत आले. दोर ओट्यावर टाकला, पाय धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, नाही जमनार."

"काहून?" माझ्या तोंडून एकदम वऱ्हाडीच बाहेर पडलं. शाळेत मी शुद्ध बोलायचो, पण शुद्ध भाषेत असा जीव तोडून प्रश्न विचारता येत नाही. "भाऊ, माह्या गावात काय कमी हाय? सांगा न!"

"तुमी भले मानूस हा, मास्तर. गावाचं इचारू नका."

मी भांडलो. आवाज चढवला. समोरचा दुकानदार दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला. भाऊ खांबाला टेकून नुसते बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं आणि जास्तच चिडलो. रडायचं मी, आणि हा माणूस काय रडतो!

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मथुरेनं मला विचारलं, "खरंच, तुमच्या गावात काय कमी हाय?"

"मले नाही मालूम."

"मग बाबानं काय पाह्यलं तिथं?" तिनं घागर विहिरीत सोडली. मग म्हणाली, "बाबा खोटं बोलत नाही. काहीतरी पाह्यलं असन." आणि घागर भरून गेली. त्यानंतर माझ्याशी ती फारशी बोलली नाही.

वर्षाच्या आत भाऊंना हवं होतं ते गाव सापडलं. त्याचं नाव मी घेत नाही. डोंगराच्या कुशीत, नदीच्या वळणात, गाडीवाट धड नाही. पण काय नव्हतं तिथं! बारमाही झरा, घरोघर जमिनीतली ज्वारीची पेवं भरलेली, ऊस, तूर, तेल, लोहार, वैद्य. इस्तो मागितला तर बाईनं वर राखही दिली, वाटेत विझू नये म्हणून. भाऊ तिथून आले ते लग्न ठरवूनच. मी त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. आळीभर सांगत फिरले, "दुनिया बुडाली तरी ते गाव वाचन."

त्या गावानंही त्यांना डोक्यावर घेतलं. व्याह्यांच्या ओसरीवर बसून भाऊ तिथल्या जाणत्यांना चार गोष्टी सांगायचे. पेव उघडलं की लगेच आत उतरू नका, कोंदलेल्या हवेनं माणूस मरतो. बियाणं दोन घरी वाटून ठेवा. आणि साथ आली तर शीव बंद करा. बाहेरचा आत नको, आतला बाहेर नको. लोक माना डोलवायचे.

लग्नात मी वाढपी होतो. दुसऱ्या महिन्यात खोली सोडली आणि बदली मागून घेतली.

मग ती साथ आली. आमच्याकडं तिला मानमोडी म्हणत. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी बाजेवर, आणि दोन-तीन दिवसांत मसणात. शाळा बंद झाल्या. कारंज्यात लाकडं मिळेनात. साथ ओसरल्यावर मी कारंज्याला गेलो, तेव्हा दुकानदारानं मला हात धरून बाजूला घेतलं. "मास्तर, भाऊले भेटून या. मथुरा गेली."

भाऊ ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. काही न विचारता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

मानमोडी कारंज्यात शिरली तसे ते मिठाची पुडी घेऊन लेकीच्या गावाला निघाले. बाजार बंद, गावाला मीठ मिळालं नसेल, असा हिशेब. शिवेवर बोरी-बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. पलीकडं काठ्या घेऊन माणसं. भाऊंनी ओळख सांगितली. ते म्हणाले, ओळखलं न भाऊ, पन तुमीच तं सांगतलं होतं, साथीत शीव बंद करा म्हणून. भाऊंना त्याचा अभिमानच वाटला. त्यांनी आत जायचा हट्टही धरला नाही. फक्त लेकीला बोलवा म्हणाले.

मथुरा काट्यांच्या पलीकडं येऊन उभी राहिली.

"म्हने, बाबा, मले घरी न्या. मी म्हटलं, काहून? म्हने, इथं मानूस तापला का त्याले नदीपल्याडच्या खोपडीत नेऊन टाकतात. पानी दुरून ठेवतात अन् येतात. काल माह्या जावेले नेलं. बाबा, मले भेव लागते, मले न्या." भाऊ माझ्याकडं वळले. "मी काय म्हटलं असन, मास्तर?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं.

"मी म्हटलं, इथंच राय. कारंज्यात घरोघर मुडदे हायेत. इथं जीव वाचन. अन् मिठाची पुडी काट्यावरून फेकली. तिनं उचलली. बराच वेळ उभी होती. मी वळून पाह्यलं तवाही उभीच होती."

पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला आणि तिला त्या नदीपलीकडच्या झोपडीत नेलं. किती दिवस ती तिथं होती, शेवटी कोण जवळ होतं, हे कोणीच सांगितलं नाही. निरोप आला तोही शीव उघडल्यावर.

"मीठ द्याले गेल्तो मी," भाऊ म्हणाले. "पोरीले आनाले नाही गेलो."

त्यानंतर भाऊंची थाळी कधी वाजली नाही. लोटा-दोर खुंटीवरच राहिला. छत्री कोणीतरी नेली. माझं लग्न झालं, पोरंबाळं झाली, तक्रार करावी असं काही नाही. पण कारंज्याला गेलो की त्यांच्याकडं जायचो. घरात फार वेळ थांबवत नसे. तरी जायचो.

काही वर्षांनी त्यांच्या पायांतलं बळ कमी झालं. भाडेकरू निघून गेले होते, करायला कोणी नव्हतं. सुट्टीत मी गावाला निघालो तेव्हा म्हटलं, "भाऊ, चला, महिनाभर आमच्याकडं राहा." मला वाटलं ते नाही म्हणतील. ते गाडीत येऊन बसले. गाव दिसायला लागलं तसे मान खाली घालून बसले.

आता आमच्या गावाचं सांगायला पाहिजे. आमच्या गावात वैशाखात एक दिवस 'उठणं' असतं. आजूबाजूच्या कुठल्या गावात नाही, आमच्याच आहे. फार पूर्वी महामारीत गाव सैरावैरा पळालं आणि मागं राहिलेली माणसं हाल होऊन मेली. तेव्हा त्या वेळच्या जाणत्यांनी ठरवलं की पुन्हा पळायचं झालं तर सगळ्यांनी मिळून उठायचं, आणि विसर पडू नये म्हणून दरसाल एकदा उठून बघायचं. दिवस ठरलेला नसतो. जाणते सांगतात तो दिवस. आदल्या संध्याकाळी सगळ्या चुली पाणी मारून विझवायच्या. दिवस उगवायच्या आधी माणसं, ढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना घेऊन टेकडीमागच्या माळावर जायचं. दाराला कडी घालायची नाही. दिवसभर शिळी भाकर खायची. संध्याकाळी माळावर गारगोटीनं नवा विस्तव पाडायचा आणि प्रत्येक घरानं त्यातला निखारा आपल्या चुलीत न्यायचा. आम्हाला लहानपणापासून हे असंच माहीत. पोरांना तर मोठी मौज. त्यात कोणाला सांगण्यासारखं काही आहे, हे मला कधी सुचलंच नाही.

त्या वर्षी भाऊ आले आणि चार दिवसांतच उठणं निघालं. भाऊंना मी अंधारातच, सगळ्यांच्या आधी, गाडीत बसवून माळावर नेलं. त्यांना वाटलं शेत बघायला चाललो आहोत. पळसाखाली घोंगडी टाकून बसवलं. हळूहळू सगळं गाव येऊन तिथं टेकत होतं.

आमच्या शेजारी एक गंगूबुढी होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, कंबरेतून लुळी. मला कळतं तेव्हापासून बाजेवरच. चार गडी तिची बाज उचलून घेऊन आले. बुढी वर पडल्या पडल्या त्यांना शिव्या देत होती, "हळू चाला न मेल्याहो, हाडं मोडता काय माह्यी!" गडी हसत होते. तिची बाज त्यांनी सावलीत टेकवली आणि माझ्या आईनं तिला भाकर कुस्करून दिली.

भाऊ टक लावून त्या बाजेकडं बघत होते.

"मास्तर, हे काय होय?"

मी सांगितलं.

"हे दरसाल होते?"

"दरसाल."

"अन् या बुढीले दरसाल आनतात? बाजेसकट?"

"मग? मागं कोणालाच ठेवायचं नसतं. हे सगळं त्याच्यासाठीच तर आहे."

भाऊंनी बाजेवरची नजर काढलीच नाही. मला वाटलं, उन्हानं त्रास होतोय. पाण्याचा गडवा दिला. त्यांनी तो हातात तसाच धरून ठेवला.

"मी आलतो तो हाच दिवस होता," ते म्हणाले.

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मथुरेसाठी गाव बघायला आले होते, त्या वेळचं ते सांगत होते.

"दारं उघडी, मास्तर. चुलीत हात घातला तं राख थंडी. हाका मारल्या. कुत्रंही नाही. ढोरांचे खूर गावाबाहेर गेलेले. मले वाटलं, महामारी आली अन् गाव पळालं. माह्या बाईचं गाव होतं ते, तसंच. मी घरोघर फिरलो, कोनी मागं राह्यलं असन तं निदान पानी तरी पाजू म्हनून. तुमच्या शेजारच्या घरात गेलो. तिथं जमिनीत बाजेच्या चार पायांच्या खुना होत्या. खोल गेलेल्या, वर्सानुवर्साच्या. बाज नव्हती." त्यांनी गंगूबुढीच्या बाजेकडं बोट केलं. "मी म्हटलं, कसे लोक हायेत हे! बाज घेऊन गेले. बुढ्या मानसाले कुठी टाकलं असन?"

टेकडी एवढीशी. पलीकडं आलं असतं तर सगळं गाव समोर बसलेलं दिसलं असतं. आई दिसली असती. गंगूबुढीच्या शिव्या ऐकू आल्या असत्या. आणि मला कारण तरी सांगायचं! "तुमचं गाव मानसं टाकून पळते," एवढं एक वाक्य माझ्या तोंडावर फेकलं असतं, तर मी तिथल्या तिथं हसलो असतो. म्हटलं असतं, भाऊ, ते आमचं उठणं! आणि मथुरा आज या माळावर पोरांना भाकर वाढत बसली असती. मला त्यांना गदगदा हलवावंसं वाटलं. पण तो म्हातारा गडवा छातीशी धरून बसला होता. मी त्यांच्या हातातून गडवा काढून घेतला, एवढंच.

संध्याकाळी विस्तव पडला. माणसं गाडग्यांतून निखारे घेऊन घराकडं निघाली. आईनं एक गाडगं भाऊंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी नेहमीच्या सवयीनं वरची राख सारखी केली.

"मास्तर, पुढच्या साली माह्यानं बसवनार नाही गाडीत. तवा?"

"तेव्हा बाज उचलू."

"कोन कोन?"

मी म्हटलं, मी आहे, धाकटा भाऊ आहे, शेजारचे दोघं आहेत. त्यांनी सगळ्यांची नावं विचारली. मी सांगितली. त्यांनी ती मनाशी पुन्हा म्हटली.

गाडी टेकडीवर आली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"मथुरेलेही उचललं असतं न तुमी? तापली असती तरी?"

"हो भाऊ."

"चौघांनी?"

"चौघांनी. उशाकडचा पाय मी धरला असता."

त्यांनी मान हलवली आणि मनगट सोडलं. मग घर येईपर्यंत त्या गाडग्यावर हात धरून बसले, वाऱ्यानं निखारा विझू नये म्हणून.